चाळीस अक्षरांची जागा

अकरावी-बारावीची ती दोन वर्षं मला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना पाय हलायचे, अभ्यास करताना हलायचे, आणि शेवटी आई टेबलाखालून हात घालून माझा गुडघा दाबून धरायची. "अनू, आमटी सांडेल." टूनगॅबी उपनगरातलं आमचं भाड्याचं घर स्टेशनच्या इतकं जवळ होतं की ट्रेन गेली की कपाटातल्या स्टीलच्या वाट्या किणकिणायच्या, त्यामुळे टेबल माझ्यामुळे हलतंय की ट्रेनमुळे यावर मला वाद घालता यायचा, आणि मी तो घालायचे. संध्याकाळी पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा समोरच्या तारांवर बसून असा कर्कश ओरडायचा की बाबा बातम्यांचा आवाज वाढवायचे, आई कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता चुकायची, आणि मग बाबा म्हणायचे की भात गिचका झालाय आणि आई म्हणायची की पक्ष्यांना सांगा. शेजारच्या टोनीच्या लिंबाच्या झाडाची अर्धी फांदी आमच्या कुंपणावर होती. त्या लिंबांचं लोणचं आमच्याकडे बारा महिने असायचं. शुक्रवारी थालीपीठ, त्यावर खारट बटर. कम्प्युटर जेवणाच्या खोलीतच होता, फ्रिजला लागून, आणि आईने त्याच्या डोक्यावर पुण्याहून आणलेला, कडेला मोर भरलेला रुमाल घातला होता. तो रुमाल काढून घडी करून ठेवल्याशिवाय कम्प्युटर सुरू करायचा नाही असा घरचा नियम होता.

बाबा कंपनीच्या व्हिसावर आले होते. म्हणजे नोकरी होती तोवर आम्ही या देशात होतो. पॅरामाटाच्या एका दुमजली इमारतीत सहा माणसांची ती कंपनी, आणि तिचा एकच प्रोग्राम: दातांच्या डॉक्टरांना एक्स-रे कम्प्युटरवर बघता यावेत, एकमेकांना ई-मेलने पाठवता यावेत, यासाठीचा. एक्स-रेची फाइल उघडून त्यातलं पेशंटचं नाव, तारीख आणि चित्र पडद्यावर आणायचं हा भाग बाबांनी एकट्याने लिहिला होता. कोणाच्या घरी जेवायला गेलो आणि काम काय करता असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "दात दाखवतो." एवढाच त्यांचा विनोद, आणि तो ते दर वेळी तितक्याच आनंदाने करायचे. आई पुण्यात ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. इथे ती ब्लॅकटाउनच्या एका दाताच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कला बसायची, आणि सुनंदाची 'सू' झाली होती. तिच्या दवाखान्यात बाबांचाच प्रोग्राम होता. नवऱ्याने लिहिलेला प्रोग्राम रोज वापरायचा, ही तिला सुरुवातीला मोठी गंमत वाटायची. नंतर ती गंमत कमी होत गेली.

"आज पुन्हा बंद पडला तुमचा प्रोग्राम," एकदा भात वाढताना ती म्हणाली.

"कधी?"

"ते श्रीलंकेचे आजोबा आले की. त्यांचा एक्स-रे उघडला की पडतो. बाकी कोणाचा नाही."

"तुमच्याकडची मशीन्स जुनी आहेत."

"मग बाकीच्यांचे कसे उघडतात?"

"तू दोनदा क्लिक करून थांबत नाहीस, सुनंदा. पुन्हा क्लिक करतेस. त्याला वेळ द्यावा लागतो."

आईने भाताचं पातेलं झाकलं. त्या आठवड्यात तिच्या डॉक्टरांनीही तिला सगळ्यांसमोर सुचवलं होतं की सू, लायब्ररीत कम्प्युटरचे फ्री क्लासेस असतात. हे तिने बाबांना सांगितलं नव्हतं, मला भांडी पुसताना सांगितलं होतं. मी म्हणाले, "शी टॉट फिजिक्स, बाबा. शी नोज हाउ टु क्लिक."

"मराठीत बोल," बाबा म्हणाले.

मी मराठीत बोलले नाही. उठून गेले. पण नंतर आईला विचारलं की त्या आजोबांचं नाव काय, आणि तिने दुकानाच्या जाहिरातीच्या कॅटलॉगच्या पाठीवर, वर न बघता, एका दमात इंग्रजीत लिहून दिलं: तिरुज्ञानसंबंधमूर्ती बालसुब्रमण्यम शिवगुरुनाथन. जाफनाचे निवृत्त शिक्षक होते ते. आईला ते 'टीचर' म्हणायचे, त्यामुळे त्यांचं नाव तिला पाठ होतं. मी अक्षरं मोजली. मधल्या मोकळ्या जागा धरून सत्तावन्न.

शाळा तीनला सुटायची आणि आई-बाबा साडेपाचच्या आत यायचे नाहीत. ते अडीच तास माझे होते. बाबांनी घरच्या कम्प्युटरवर तो प्रोग्राम आणि चाचणीसाठी चार-पाच एक्स-रे ठेवले होते. मी त्यातल्या एका फाइलमधलं नाव बदलून एकेक अक्षर वाढवत गेले. चाळीसपर्यंत नीट उघडायचा. त्याच्या पुढे वेड्यासारखं काहीतरी दाखवायचा. पन्नासला पडायचा. म्हणजे बाबांनी नावासाठी चाळीस अक्षरांची जागा ठेवली होती आणि येणारं नाव तीत मावतंय का हे न बघताच ते ओतलं होतं. आई बरोबर होती, बाबा चूक होते. मला एवढंच सिद्ध करायचं होतं, आणि ते पहिल्याच दुपारी झालं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

पण मी थांबणारी नव्हते. इंटरनेटवरच्या एका चॅट ग्रुपमध्ये मी जायचे. तिथे 'वॉम्बॅट' नावाने बोलणारा एक जण होता, पर्थला युनिव्हर्सिटीत आहे म्हणायचा. खरं खोटं मला माहीत नाही, तेव्हाही नव्हतं. त्याने मला समजावलं की प्रोग्राम नुसता पडत नाही, तो पडताना दार उघडं टाकतो. जास्तीची अक्षरं सांडतात ती शेजारच्या जागेत, आणि त्या जागेत प्रोग्रामने स्वतःसाठी लिहून ठेवलेलं असतं की हे काम संपलं की पुढे कुठे जायचं. ते पुसलं गेलं की त्याची वाट चुकते. मात्र सांडणारी अक्षरं नीट निवडली, तर त्याला आपल्याला हवं तिथे पाठवता येतं. नावाच्या जागेतच हुकूम लपवायचे आणि त्याला त्या हुकुमांवर नेऊन सोडायचं. समोरच्या माणसाने फक्त फाइल उघडायची. मग त्याचा कम्प्युटर त्याचा राहत नाही. आज अशाच चुका शोधायचं काम करताना हे वाक्य मी कंपन्यांच्या मीटिंगमध्ये शांतपणे बोलते, समोरचे लोक टिपून घेतात. तेव्हा ते वाचून मी उठले होते आणि मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दांड्याभोवती गोल गोल फिरत राहिले होते.

तीन आठवडे लागले. एका गुरुवारी दुपारी मी एक्स-रेवर क्लिक केलं, प्रोग्राम क्षणभर अडखळला, आणि दाढेच्या चित्राऐवजी पडद्यावर कॅल्क्युलेटर उघडला. फक्त कॅल्क्युलेटर. शिकणारे सगळे आधी तेच उघडतात, कारण त्याने कोणाचं काही बिघडत नाही आणि आपला हुकूम चालला एवढं कळतं. मी हात मांडीखाली घालून त्याच्याकडे बघत बसले. घरात कोणी नव्हतं. एवढं मोठं काहीतरी केलं होतं आणि ते सांगायला फ्रिज होता. मी ती फाइल वॉम्बॅटला पाठवून दिली. पाच मिनिटांत उत्तर आलं, "नाइस वर्क, मेट." मग त्याने विचारलं, हा प्रोग्राम कोण वापरतं. मी तेही सांगितलं.

बाबांना मी रविवारी सकाळी दाखवलं. आई पोहे करत होती, कढीपत्त्याचा तडतडाट चालू होता. बाबा बनियनवर, हातात चहा. मला आठवतं, मी जिंकायला बसले होते. क्लिक केलं, कॅल्क्युलेटर उघडला, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"परत कर," ते म्हणाले.

मी परत केलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः माउस घेतला. मग चहाचा कप रुमालाच्या घडीवर ठेवला. एरवी असं त्यांनी कधी केलं नसतं.

"चाळीस कसे ठरवले माहीत आहे तुला?" त्यांनी विचारलं. "माझं नाव मोजलं होतं. माझं, आप्पांचं, आडनाव. वीस झाली. त्याच्या दुप्पट केली. म्हटलं, यापेक्षा लांब नाव कोणाचं असणार."

आई पोह्यांच्या बशा घेऊन आली तेव्हा ते तिला म्हणाले, "सुनंदा, तुझं क्लिक बरोबर होतं. माझीच चूक होती." आईने बशी त्यांच्यासमोर ठेवली आणि लिंबाची फोड द्यायला विसरली म्हणून पुन्हा आत गेली. बऱ्याच वेळाने आली. मी ज्या जिंकण्यासाठी तीन आठवडे तळमळत होते, ते हे एवढंच होतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. फाइल पाठवल्याचं त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी पोहे खाल्ले.

सोमवारी बाबांनी कंपनीच्या मालकाला, ग्रेगला, सगळं सांगितलं. ग्रेग वाईट माणूस नव्हता. ख्रिसमसला आमच्याकडे हॅम पाठवायचा, आम्ही ते टोनीला द्यायचो. तो म्हणाला, "नो वरीज, पुढच्या रिलीजमध्ये टाकू." प्रोग्रामची ती पुढची आवृत्ती सहा महिन्यांवर होती. बाबांनी तीन दिवस त्याचा पिच्छा पुरवला. शेवटी ठरलं ते असं: बाबांनी दुरुस्ती करावी, सीडीवर घ्यावी, आणि स्वतःच्या शनिवारी दवाखान्यांत जाऊन बसवून यावं. विचारलं तर नेहमीचं अपडेट आहे म्हणायचं. बाकी एक अक्षर बोलायचं नाही. दुरुस्ती दोन ओळींची होती. दवाखाने तीसच्या आसपास होते, पेनरिथपासून वोलॉन्गॉन्गपर्यंत पसरलेले.

माझं तेव्हा लर्नर लायसन्स होतं. गाडीच्या पुढे-मागे पिवळी 'एल' लावायची, शेजारी मोठं माणूस बसवायचं आणि लॉगबुकमध्ये तास भरायचे. त्यामुळे दर शनिवारी मी गाडी चालवायचे आणि बाबा शेजारी बसून, नसलेला ब्रेक पायाने दाबायचे. आई डब्यात दशम्या आणि लोणचं द्यायची. एरवी आम्हा दोघांना बोलायला काही नसायचं, पण गाडीत बोलणं निघायचं: आरसा बघ, लेन सोडू नकोस, आणि मग मधेच, आप्पांना त्यांनी सायकल कशी शिकवली होती ते. मुलाने बापाला शिकवली होती. आप्पा चाळिशीत शिकले. हे मला तोवर माहीतच नव्हतं. एक दवाखाना झाला की मी मनात एक आकडा कमी करायचे. अठ्ठावीस, सत्तावीस. वॉम्बॅट त्या गुरुवारनंतर ग्रुपवर आला नव्हता. मी रोज दुपारी बघायचे. त्याला चार वेळा लिहिलं की ती फाइल कोणाला देऊ नकोस, उत्तर आलं नाही. सगळे दवाखाने होईपर्यंत काही झालं नाही, तर कोणाला काही सांगावंच लागणार नाही, असा माझा हिशेब होता. शाळेत बाकावर बसले की मला सिग्नलला थांबल्यासारखं वाटायचं. कधी एकदा शनिवार येतो आणि आपण निघतो.

चौथ्या शनिवारी आम्ही पेनरिथला होतो. काउंटरवर केरी नावाची बाई होती, मोठे कानातले, बोलकी. बाबांनी अपडेट आहे म्हणून सीडी काढली तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं आलात. मंगळवारी एक गंमतच झाली. कोणीतरी एक्स-रे ई-मेल केला, उघडला तर दातच नाही. कॅल्क्युलेटर आला." ती हसली. "माझी मैत्रीण सेंट मेरीजच्या दवाखान्यात आहे, त्यांनाही आला म्हणे."

बाबांनी सीडी आत सरकवली. बसवायला लागतात ती सात-आठ मिनिटं ते पडद्याकडे बघत उभे राहिले. मग केरीला सांगितलं की ती ई-मेल पुसून टाक आणि ओळखीच्या नसलेल्या माणसाचा एक्स-रे आठवडाभर उघडू नकोस. तिचे आभार मानले. बाहेर ऊन इतकं होतं की स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. मी चावी लावली.

"सुरू करू नकोस," बाबा म्हणाले.

मी हात मांडीवर घेतले.

"ती फाइल आपल्या घरातून बाहेर गेली?"

"हो."

"कोणाकडे?"

"आय डोंट नो हिज नेम."

"मराठीत सांग."

"मला त्याचं नाव माहीत नाही, बाबा."

इंग्रजीत ते वाक्य साधं होतं. मराठीत म्हटल्यावर ते काय आहे ते कळलं.

"कधी दिलीस?"

"तुम्हाला दाखवायच्या तीन दिवस आधी."

"म्हणजे गेले चार शनिवार तुला माहीत होतं."

"हो."

"मला आधी का नाही दाखवलंस?"

याचं उत्तर मला आता देता येतं, आणि ते चांगलं नाही. मला शाबासकी हवी होती, आणि बाबांकडून मला शाबासकी नको होती, त्यांना हरवायचं होतं. म्हणून शाबासकी मी अनोळखी माणसाकडे मागायला गेले. बाबांनी सीटबेल्ट लावला. मग म्हणाले, "चल. आरसे बघून घे." सबंध मोटरवेवर त्यांचा पाय एकदाही नसलेल्या ब्रेकवर गेला नाही. घरी पोहोचल्यावर लॉगबुक मांडीवर घेऊन त्यांनी पन्नास मिनिटं लिहिली आणि सही केली.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. बाबांनी उभ्या उभ्याच तिला सांगितलं. माझ्याबद्दलचं सांगताना त्यांनी आवाज खाली आणला नाही, वरही नेला नाही. आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि शेंग सोलायची थांबवली.

"आता हे असं गुपचूप चालणार नाही," बाबा म्हणाले. "वीसेक दवाखाने राहिलेत. शनिवारी शनिवारी जायला वेळ नाही. सगळ्यांना आजच कळवायला पाहिजे. पण ग्रेग नाही म्हणणार. आणि त्याला न विचारता कळवलं, तर तो मला ठेवणार नाही."

"मग व्हिसा?"

"महिन्याभरात दुसरा कोणी घेणारा मिळाला तर मिळाला, नाहीतर परत पुण्याला."

स्टेशनवरून एक ट्रेन गेली. वाट्या वाजल्या. मी म्हणाले की मी ग्रेगला जाऊन सांगते, सगळं माझ्यावर घेते, आणि माझं बोलणं दोघांनीही ऐकलंच नाही.

आई म्हणाली, "वीस दवाखान्यांत माझ्यासारखी एकेक जण काउंटरला बसते. ती फाइल तीच उघडणार. उद्या काही झालं तर डॉक्टर तिलाच म्हणणार की तुला क्लिक करता येत नाही." तिने पुन्हा शेंग उचलली. "कळवून टाका."

पत्र बाबांनी आधी कागदावर लिहिलं आणि मी टाइप केलं. प्रोग्राममध्ये चूक आहे, ती मी केलेली आहे. तिचा फायदा घेणारी फाइल फिरते आहे. दुरुस्ती होईपर्यंत ई-मेलने आलेला एक्स-रे उघडू नका. पुढे एक ओळ होती आणि तिथे ते थांबले. मग त्यांनी लिहिलं की ही फाइल माझ्या घरातून बाहेर गेली आहे. माझं नाव त्यांनी घातलं नाही. "माझ्या मुलीने असं लिहू का?" असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "घर माझं आहे ना?" ग्रेगला त्यांनी आधी फोन करून वाचून दाखवलं. ग्रेगचा आवाज पलीकडून मला ऐकू येत होता. बाबा तीनदा "आय अंडरस्टँड" म्हणाले. त्यानंतर आम्ही पत्र सगळ्यांना पाठवलं, आणि सोमवारी सकाळी आईने कामावर जाण्याआधी न्यूजएजंटच्या, म्हणजे वर्तमानपत्रांच्या, दुकानातून त्याच पत्राचे फॅक्स केले. मंगळवारी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा बाबा घरी होते. टेबलावर त्यांचा ऑफिसमधला मग होता.

बहुतेक दवाखान्यांना काही झालं नव्हतं. दोन-तीन ठिकाणी कॅल्क्युलेटर उघडला होता. पण गुरुवारी वोलॉन्गॉन्गहून मॉरीन नावाच्या रिसेप्शनिस्टचा घरी फोन आला. पत्रावर बाबांनी घरचा नंबर दिला होता. त्यांच्या कम्प्युटरमधल्या सगळ्या अपॉइंटमेंट्स, पेशंटची नावं, सगळं गेलं होतं, आणि कंपनीत कोणी फोन उचलत नव्हतं. बाबा आता त्या कंपनीचे कोणीच नव्हते. त्यांनी मला शाळेत जाऊ दिलं नाही. "चल, तास भरतील," एवढंच म्हणाले.

मॉरीन साठीची होती आणि डोळ्यांत पाणी न आणता सगळं करत होती. तिने आठवून आठवून एका वहीत नावं लिहिली होती: सोमवारी ती दोन मुलांची आई, बुधवारी स्टीलवर्क्सचा तो माणूस. बाबा मशीनपाशी बसले. मला त्यांनी फोन बुकापाशी बसवलं. दिवसभर मी लोकांना फोन केले. तुमची पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट होती का? कधी होती, आठवतंय का? कोणी नीट बोललं, कोणी म्हणालं की हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे. एका म्हाताऱ्या माणसाने चार वाजता विचारलं, "तू नवीन आहेस का, लव्ह?" मी हो म्हणाले. ते माझ्या फाइलीमुळे झालं की आणखी कशाने, हे बाबांना सांगता आलं नाही. मशीन पार पुसलं गेलं होतं, पुरावा उरला नव्हता. केस पिकायला लागले तरी मला ते माहीत नाही. कॅल्क्युलेटरच्या जागी दुसरा हुकूम घालायला जाणत्या माणसाला दहा मिनिटं पुरतात. माझ्या या कामात लोक मला विचारतात की तुम्ही एवढी घाई का करता, कळलं की लगेच कळवा म्हणून मागे का लागता. मी त्यांना वोलॉन्गॉन्ग सांगत नाही. सांगते की कामाची पद्धत आहे.

महिना संपायला पाच दिवस असताना बाबांना मेलबर्नला नोकरी मिळाली, गोदामांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या एका कंपनीत. आईने काउंटर सोडला. शेवटच्या दिवशी शिवगुरुनाथन आजोबा तिला मुद्दाम भेटायला आले होते, एवढंच तिने सांगितलं. माझं बारावीचं वर्ष गेलं, नव्या राज्यात अकरावीपासून पुन्हा सुरू करावं लागलं. मेलबर्नच्या कडेच्या ट्रुगानिनाला तेव्हा रस्ते आखलेले होते आणि घरं नव्हती. आम्ही राहायला गेलो ते रांगेतलं शेवटचं घर, त्याच्यापुढे पिवळं गवत आणि वारा. सामानाचा ट्रक दोन दिवस उशिरा येणार होता. आम्ही कार्पेटवर बसून ब्रेड-लोणचं खाल्लं.

एवढ्या सगळ्या दिवसांत बाबा मला त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. रागावले नव्हते, समजावलं नव्हतं. मी रोज वाट बघत होते. ओरडा खाऊन मोकळं व्हायची एवढी निकड मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटली नाही. त्या रविवारी दुपारी आई वर खोलीत झोपली होती, आणि बाबांनी मला हाक मारली. ते खिडकीखाली मांडी घालून बसले होते. समोर नवी कोरी वही होती. मी जाऊन समोर बसले. वाटलं, आता बोलतील.

"उद्यापासून नवीन कामावर जायचंय," ते म्हणाले. "तिथेही मी असंच लिहीन. चाळीस, पन्नास, डोळे झाकून. सवय आहे. वीस वर्षं असंच लिहितोय. मला दिसतच नाही ते. तुला दिसलं." त्यांनी वही माझ्याकडे वळवली. "तू काय काय केलंस ते पहिल्यापासून दाखव. एकही पायरी सोडू नकोस."

"बाबा, आय ॲम..." मी थांबले. "बाबा, माझं चुकलं."

"हो, चुकलं," ते म्हणाले. "माझंही चुकलं. ते आपण दोघंही धरून राहू. आता हे शिकव."

मी पेन घेतलं. पहिल्या पानावर चौकोन काढला, त्याच्या शेजारी दुसरा. बाहेर वाऱ्याने कोणाच्या तरी कुंपणाचा पत्रा वाजत होता. मी भराभर सांगत सुटले, तेव्हा बाबांनी चौकोनावर बोट ठेवलं.

"हळू," ते म्हणाले. "इथे माझा धागा सुटला. हे परत सांग."

मी परत सांगितलं.